स्लॅब गळतोय? खालून प्लास्टर मारू नका. आधी वर चढून पाणी कुठून शिरतंय ते शोधा

मे महिना लागला की गावोगावी एकच धावपळ दिसते. कुणी पत्र्यावर चढलेला असतो, कुणी कौलं परततो, कुणी तालुक्याच्या दुकानात "गळतीला काय चांगलं?" असं विचारत उभा असतो. दुकानदार एक डबा पुढे सरकवतो. आपण तो आणून गच्चीवर फासतो, जून येतो आणि बादली पुन्हा त्याच जागी ठेवावी लागते.

यात दरवेळी डब्याचा दोष नसतो. पाणी जिथे टपकतं तिथे आपण इलाज करतो आणि ते शिरतं दुसरीकडूनच, अशी खरी गोम असते. म्हणून या लेखात डबा कुठला घ्यायचा ते नंतर बघू. पाण्याची वाट शोधायची कशी, घरच्या घरी काय करता येतं आणि कुठे हात लावायचा नाही, हे आधी समजून घेऊ.

वेळेचंही भान ठेवा. "जूनला अजून वेळ आहे" हे आता धरून चालता येत नाही. 2025 साली मान्सून 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला होता आणि त्याआधीच्या वळवाने कितीतरी जणांची अर्धवट कामं धुऊन नेली होती. आपल्या सातारा जिल्ह्यात तर दोन टोकं आहेत. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, तर माणमध्ये 500 च्या आसपास. पाटण-जावळीकडे पाऊस दिवसेंदिवस लागून राहतो, तिथे ओल मुरते. माण-खटावकडे दोन तासांत ढगफुटीसारखा कोसळतो, तोही बऱ्याचदा सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि गच्चीवर तळं साचतं. दोन्हीकडे स्लॅब गळतात, पण गळण्याची तऱ्हा वेगळी असते.

पाणी एकीकडे शिरतं, टपकतं दुसरीकडे

आमच्याच घरचं सांगतो. मधल्या खोलीत फॅनच्या हुकाशेजारी थेंब पडायचे. पहिल्या वर्षी मिस्त्रीने खालून खरवडून सिमेंटचा हात मारला. दुसऱ्या वर्षी पुट्टी आणि रंग. तिसऱ्या वर्षी फॅनभोवतीचा तुकडा पोपडा धरून खाली आला. रात्रीची वेळ, खाली पोरं झोपलेली. कुणाच्या डोक्यात पडला नाही हे नशीब. मग वर चढून नीट बघितलं, तेव्हा हुकापासून आठेक फूट लांब टीव्हीच्या छत्रीचा जुना स्टँड सापडला. छत्री कधीच काढलेली, पण बोल्टची तीन भोकं तशीच उघडी. पाणी त्या भोकांतून कोब्याच्या खाली जायचं, स्लॅबच्या पाठीवरून सरकत यायचं आणि जिथे बारीक वाट मिळेल तिथे, म्हणजे हुकापाशी, खाली उतरायचं. तीन वर्षं आम्ही चुकीच्या जागी पैसे घातले. शेवटी काम झालं ते अर्ध्या दिवसात.

असं का होतं? काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण त्यात बारीक बारीक छिद्रं असतात. स्लॅब टाकताना माल पटकन पसरावा म्हणून पाणी जास्त ओतलं असेल, तर ते पाणी उडून गेल्यावर छिद्रं वाढतात. व्हायब्रेटर नीट फिरवला नसेल तर आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळी राहते. मिक्सर बंद पडला, सगळे जेवायला बसले आणि दोन-तीन तासांनी पुढचा माल टाकला, तर जुना-नवा माल एकजीव होत नाही. तिथे सरळ रेषेत जोड राहतो. पावसाळ्यात छताला एका रेषेत ओल दिसत असेल, तर स्लॅब टाकायच्या दिवशी काम कुठे थांबलं होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

कधी गळतं, ते लिहून ठेवा

गळतीचा सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे घड्याळ. गेल्या पावसाळ्यात काय व्हायचं ते घरातल्या बायकांना विचारा. बादली कुठे आणि कधी ठेवायची, हे त्यांनाच पक्कं ठाऊक असतं.

पाऊस सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच थेंब पडायला लागले आणि पाऊस थांबला की लगेच थांबले, तर वाट उघडी आणि मोठी आहे असं समजा. भोक, रुंद चीर, पाइपचं तोंड किंवा कठड्याची सांध.

पाऊस सुरू होऊन दोन-चार तासांनी गळायला लागलं आणि उघडीप पडल्यावरही दिवस-दोन दिवस टपकत राहिलं, तर वर कुठेतरी पाणी साचतंय आणि हळूहळू मुरतंय. कोब्याच्या खाली पाणी कोंडलं असेल तरी असंच होतं.

उन्हाळ्यातही ओल हटत नसेल, तर पावसाला दोष देऊ नका. वरची टाकी, टाकीखालचा वॉल, नळाची पाइप किंवा वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर तपासा. टाकी एक दिवस रिकामी ठेवून बघितली की निकाल लागतो.

आणि एक गंमत. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब पडतात, त्याला गळती समजून काही जण पत्राच बदलतात. ती गळती नसते. घरातली वाफ गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. वर वारा खेळायला जागा ठेवली की ते कमी होतं.

वर चढल्यावर काय बघायचं

सकाळी ऊन चढायच्या आत गच्ची स्वच्छ झाडून घ्या. नुसतं झाडलं तरी निम्मी माहिती मिळते. जिथे काळपट-हिरवा डाग किंवा मातीचा बारीक थर बसलाय, तिथे पाणी साचतं. गच्चीला दहा फुटाला निदान सव्वा इंच उतार असावा, तोही पाइपच्या तोंडाकडे. मिस्त्रीच्या लेव्हलच्या नळीने हे पाच मिनिटांत कळतं.

मग ठरावीक चोरवाटा एकेक करून बघा.

सगळ्यात मोठी चोरवाट म्हणजे कठडा आणि स्लॅब यांची सांध. स्लॅब काँक्रीटचा, कठडा विटांचा. दोन्ही उन्हात तापून वेगवेगळे फुगतात आणि रात्री आकसतात, मग सांध्याला केसासारखी चीर पडते. तिथे गोलाई देऊन केलेला सिमेंटचा वाटा नसेल किंवा तडकला असेल, तर पाणी सरळ भिंतीत उतरतं. खोलीच्या कडेला, भिंतीच्या माथ्याशी ओल आणि पांढरा लोणा दिसला तर संशय आधी इथेच घ्यायचा. कठड्याचा माथाही बघा. त्याला गच्चीच्या बाजूला थोडा उतार हवा. माथा सपाट आणि प्लास्टर फुटलेलं असेल तर पाणी विटांतून झिरपत खाली येतं.

दुसरी जागा, पावसाचं पाणी बाहेर काढणाऱ्या पाइपचं तोंड. पाइप प्लॅस्टिकची, भोवतीचा माल सिमेंटचा. हे दोघं कधीच घट्ट चिकटत नाहीत. पाइप हाताने हलवून बघा. हलत असेल तर भोवती वाट आहेच.

तिसरी जागा आपल्याकडे घरटी दिसते. "पुढे वरचा मजला चढवू" म्हणून पिलरच्या सळया तीन-चार फूट वर सोडलेल्या असतात. मजला दहा वर्षं चढत नाही, सळया गंजतात आणि सळईच्या कडेने पाणी थेट पिलरमध्ये उतरतं. पिलरला उभी चीर गेलेली दिसली तर वर सळयांच्या बुडाशी बघा. या सळया ब्रशने घासून, सिमेंटची लापशी लावून, भोवती कच्च्या काँक्रीटचा ठोकळा केला तर पाणीही थांबतं आणि लोखंडही वाचतं. मजला चढवताना तो ठोकळा फोडता येतो.

बाकी मग सोलरच्या पायांचे बोल्ट, कपड्यांची तार बांधायला ठोकलेले खिळे, झेंड्याचा पाइप, केबलवाल्याने पाडलेलं भोक. आणि पिंपळाचं रोप. कठड्याच्या चिरेत उगवलेला पिंपळ नुसता उपटला तर मूळ आतच राहतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतं. चीर उकरून मूळ काढावं लागतं.

चार बादल्यांची परीक्षा

संशयाच्या जागा मिळाल्या की पाण्याने खात्री करा. बरेच जण पाइपला बोळा मारून अख्खी गच्ची भरतात. मे महिन्यात एवढं पाणी आणायचं कुठून, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न वजनाचा आहे. घरकुलाचं क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 270 चौरस फूट. त्यावर दोन इंच पाणी भरलं तर ते बाराशे लिटरच्या वर जातं, म्हणजे सव्वा टन. स्लॅब जुना असेल, खाली झोललेला असेल, तर हा खेळ करू नये.

त्याऐवजी संशयाच्या जागेभोवती चिकणमातीचं पाच बाय पाच फुटांचं आळं करा. त्यात एक इंच पाणी म्हणजे साधारण 60 लिटर, चार बादल्या झाल्या. पाणी 24 तास राहू द्या, कमी झालं तर भर घाला. खाली एकाने छतावर नजर ठेवायची आणि ओल दिसली की खडूने गोल करून वेळ लिहायची. मग आळं दुसऱ्या जागी. नेहमी गच्चीच्या खालच्या, म्हणजे उताराच्या बाजूने सुरुवात करा. वरून सुरू केलं तर पाणी उतारावर घरंगळून कुठून शिरलं तेच कळत नाही. कठड्याची परीक्षा शेवटी, पाइपने भिंतीवर पाणी सोडून.

दोन-तीन दिवस जातात. पण त्यानंतर पैसे बरोबर जागी पडतात.

दुरुस्ती कशी करायची

साधी, बारीक चीर असेल तर ती तशीच वरून भरून उपयोग नाही. छिन्नीने इंग्रजी व्हीच्या आकारात अर्धा इंच रुंद आणि तेवढीच खोल करा. त्याहून खोल नको. लोखंड दिसेपर्यंत खोदायचं नाही. आतली धूळ पूर्ण काढा. ब्रश मारा आणि नंतर सायकलच्या पंपाने हवा मारा. धूळ राहिली तर कितीही महागाचा माल घाला, तो धुळीला चिकटतो, काँक्रीटला नाही. मग जागा ओली करून, पाणी पुसून, काँक्रीट नुसतं दमट असताना दुधासारखं पांढरं लिक्विड आणि सिमेंट यांची लापशी लावायची. ती ओली आहे तोवरच त्याच लिक्विडमध्ये कालवलेला सिमेंट-वाळूचा माल दाबून भरायचा. लापशी वाळली की तिचा उपयोग संपला, हे कामावरच्या माणसाला दोनदा सांगा.

चीर उन्हाने उघडते-मिटते अशी असेल तर सिमेंटचा माल तिथे टिकत नाही, पुन्हा तडकतो. तिथे रबरासारखं ताणलं जाणारं सीलंट भरून वर जाळीची पट्टी लावतात. ओळखायचं कसं? चिरेवर आडवी पेन्सिलची रेघ ओढून तारीख टाका. तिची रुंदी सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा मोजा. आठवड्याभरात चीर वाढतच चालली असेल, तर विषय गळतीचा राहिलेला नाही. इंजिनिअरला दाखवा.

कठड्याच्या सांध्यासाठी खालचं एक फूट प्लास्टर काढून टाका. स्लॅब आणि भिंत दोन्ही घासून, लापशी लावून, एकास चार मालात गळतीचं लिक्विड घालून तीन इंचांचा गोल वाटा करा. या लिक्विडचं प्रमाण बहुतेक कंपन्यांचं एका 50 किलोच्या बॅगेला 200 मिलिलिटर असतं, पण डब्यावर जे लिहिलंय तेच पाळा. "जास्त घातलं तर जास्त चांगलं" हा आपला समज इथे चालत नाही. पाइपचं तोंडही याच पद्धतीने उकरून भरा. मात्र प्लॅस्टिकची पाइप आधी खरखरीत कागदाने घासा आणि सांध्यावर सीलंट घाला.

छिद्रं आणि सांधे बंद झाल्यानंतरच वरून रंगासारखं लावायचं कोटिंग. पहिला हात उभा, दुसरा आडवा, मध्ये डब्यावर सांगितलेला वेळ. कठड्यावरही एक फूट चढवा. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर लावलं तर ते वरच्यावर सुकतं आणि साल सुटते. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर लावा. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं, हे विचारताना ते एका हाताचं की दोन हातांचं, हेही विचारा. दुकानात पहिला आकडा सांगतात, आपल्याला लागतो दुसरा.

सिमेंट ताजं घ्या. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांच्या वरचं, गठ्ठे धरलेलं सिमेंट ओट्याला वापरा, गळतीला नको.

आणि पाणी मारणं. नव्या मालाला किमान सात दिवस ओलावा लागतो, आपल्या मेच्या उन्हात दहा-बारा दिवस दिले तर उत्तम. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात हे सांगायलाही कसंतरी वाटतं, पण त्यालाही तोड आहे. माल भरलेल्या जागेवर भिजवलेलं गोणपाट टाका आणि वर प्लॅस्टिकचा कागद दाबून ठेवा. दिवसातून दोनदा एक-एक तांब्या पुरतो. भांडी विसळलेलं, साबण नसलेलं पाणी गोणपाटावर चालतं. पाणी न देता सोडलेला वाटा चार दिवसांत तडकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. गळतीची किती कामं निव्वळ यामुळे फसलेली आहेत!

दुसरा कोबा टाकायचा का?

"वरून अजून चार इंच कोबा टाकू, काम कायमचं मिटेल," हा सल्ला सर्रास मिळतो. आधी हिशेब करा. चार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला 190 किलोच्या आसपास भरतो. 25 चौरस मीटरच्या घरकुलावर ते पावणेपाच टन होतं. म्हणजे एक ब्रास वाळू ट्रॉलीतून थेट आपल्या डोक्यावर आणून टाकल्यासारखंच, आणि ती कायमची तिथे राहणार. ज्या गच्चीवर माणसं वावरतात तिचं डिझाइन करताना माणसं आणि किरकोळ सामान यांच्यासाठी चौरस मीटरला साधारण 150 किलो धरतात. पहिला कोबा इंजिनिअरने हिशेबात घेतलेला असेल तर ठीक. पण जुन्या कोब्यावर दुसरा थर म्हणजे बिनहिशेबी ओझं. टाकायचाच असेल तर जुना फोडून काढा आणि मग नवा टाका. फोडताना घणाचे घाव स्लॅबला बसतात, म्हणून तेही जपूनच.

आपल्या माणदेशातली जुनी माळवदाची घरं आठवा. दरवर्षी पावसाच्या आधी पांढरी माती टाकायची, चोपायची, उतार धरायचा, पन्हाळं साफ करायचं. फार माती चढली की जुनी खरवडून काढायची, कारण तुळया वाकतात हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. स्लॅब आला आणि आपण समजलो की आता वर बघायची गरजच नाही.

इथे मात्र हात लावू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचं सगळं घरच्या घरी किंवा गावातल्या मिस्त्रीला घेऊन करता येतं. पण छताला खालून तपकिरी रेषा दिसत असतील, त्याही सळयांच्या अंतराने एकाशेजारी एक, तर आत लोखंड गंजतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. त्याला जागा मिळत नाही, मग तो खालचं काँक्रीट ढकलतो. आधी फुगवटा येतो, मग चीर, मग एक दिवस पापुद्रा खाली येतो.

काठीच्या टोकाने छत ठोकून बघा. टणटण आवाज आला तर ठीक. भदभद, पोकळ आवाज आला तर ती जागा सुटलेली आहे. ठोकताना स्वतः त्याखाली उभं राहू नका, तिरकं उभं राहून ठोका.

खालून प्लास्टर मारू नका असं शीर्षकातच म्हटलंय, ते याचसाठी. वरून येणारं पाणी तसंच राहतं आणि खालून आपण त्याचं तोंड बंद करतो. पाणी आत कोंडतं, सळयांना चिकटून राहतं. खोली कोरडी दिसते, घरमालक खूश होतो आणि आत गंज चढत जातो. गळणारं छत निदान सांगतं तरी की काहीतरी बिघडलंय. लिंपलेलं छत सांगत नाही, एकदम पडतं.

सळया उघड्या पडल्या असतील, छत मधोमध झोललं असेल, बीमला तिरकी चीर गेली असेल, तर त्या खोलीतली खाट आजच हलवा. छताच्या कडीला पाळणा बांधलेला असेल तर तो सोडा. फॅन उतरवा. वर टाकी किंवा धान्याची पोती असतील तर कमी करा. सेंट्रिंगवाल्याकडून लोखंडी टेकू भाड्याने मिळतात. वर आणि खाली जाड फळी घालून नुसता आधार द्यायचा. जॅकने स्लॅब वर उचलायचा प्रयत्न कुणी करू नये, तो तडकतो. आणि मग तालुक्याच्या ठिकाणचा बांधकाम इंजिनिअर बोलवा. घरकुल असेल तर पंचायत समितीत घरकुलाचं काम बघणाऱ्या अभियंत्याला विचारून बघा. गंज घासून, लोखंड किती शिल्लक आहे ते मोजून, लागेल तिथे नवी सळई जोडून वर खास मालाचा थर द्यायचा असतो. हे काम बघून शिकलेल्या हाताचंच आहे. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून करायचं नाही.

दुसरा धोका विजेचा. घरातल्या वायरिंगच्या पाइपा बऱ्याचदा स्लॅबमधून गेलेल्या असतात. गळतीचं पाणी त्या पाइपांत शिरतं आणि थेट बोर्डात किंवा फॅनच्या डब्यात उतरतं. "पावसात भिंतीला करंट येतो" हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं. ते सहज घेण्यासारखं नाही. बोर्डाजवळ ओल दिसली तर मेन स्विच बंद करा आणि वायरमन येईपर्यंत चालू करू नका. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि अर्थिंग तपासा. गळतीच्या एखाद्या डब्याचे पैसे वाचवावे लागले तरी चालेल, हा खर्च टाळू नका.

गच्चीवर काम करताना वरून गेलेली वीजतार आणि हातातली लांब सळई किंवा ॲल्युमिनिअमची शिडी यांचं अंतर बघा. कठडा नसलेल्या गच्चीवर मागे मागे सरकत रंग लावू नका. हसू येईल, पण माणसं अशीच पडतात.

पत्र्याच्या घराचं थोडक्यात

लोखंडी पत्रा गळतो तो बहुतेक वेळा स्क्रूपाशी. स्क्रू पत्र्याच्या खोलगट भागात मारला असेल तर पाणी त्याच्यावरूनच वाहतं. तो उंचवट्यावर हवा आणि खाली चांगला रबरी वॉशर हवा. कडक झालेले, चिरलेले वॉशर बदलले तरी अर्धी गळती थांबते. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्यावर थेट पाय देऊ नका, खालच्या वाशांवर फळी आडवी टाकून तिच्यावरूनच चाला. तो कापताना, भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते, कारण जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. कापणं टाळा. टाळता येत नसेल तर ओला करून, तोंडाला मास्क बांधून, पोरांना लांब ठेवून करा.

काम दुसऱ्याकडून करून घेताना

"दहा वर्षांची गॅरंटी" तोंडी मिळत असेल तर तिला अर्थ नाही. कागदावर काय काय लिहायला लावायचं? कोणता माल, किती हात, किती चौरस फूट, कठड्यावर किती उंचीपर्यंत, आणि पाण्याची परीक्षा घेऊन दाखवणार का. डबे आपल्यासमोर उघडायला लावा आणि रिकामे डबे मोजून बिलासोबत ठेवा. थोडे पैसे पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवायचे, हे काम ठरवतानाच सांगा. नंतर सांगितलं की भांडण होतं.

पाऊस सुरू झालाच असेल तर

ओल्या स्लॅबवर कोटिंग चिकटत नाही. दुकानदार काहीही म्हणो, पैसे घालू नका. सध्यापुरता जाड प्लॅस्टिकचा कागद टाका, पण नीट. कागद कठड्याच्या माथ्यावरून बाहेरच्या बाजूला सोडा आणि तिथे दोरीने बांधा. कठड्याच्या आतच संपवला तर पाणी कडेने खाली शिरतं. पाइपच्या तोंडावर कागदाला भोक पाडून कडा तोंडात खोचा, नाहीतर वर तळं होईल. दाबायला दगड-विटांचे ढीग न ठेवता वाळूने अर्ध्या भरलेल्या छोट्या पिशव्या ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी पाइपच्या तोंडातला पाला काढा. आणि खाली पाणी कुठे, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने येतं, ते खडूने छतावर तारखेसह लिहीत राहा. उघडीप मिळून स्लॅब चार-पाच दिवस कडक वाळला की काम कुठून सुरू करायचं ते त्या खुणा बघून ठरवता येईल.